भिंतीकडच्या कोपऱ्यातली वनमाला

मी, गहिनीनाथ रखमाजी चाटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार जुन्या बसस्टँडच्या मागे, केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात बसून, दिवसाउजेडी लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून गळ्यात पडलेले नाही आणि काही पाजलेलेही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. डोळ्यांचा दाखला मात्र त्यांनी दिला नाही. आतला पडदा विरत चालला आहे, त्याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही, असे ते म्हणाले. समोरच्या माणसाचे तोंड मला आता मधोमध पुसल्यासारखे दिसते, मान वळवून कडेने पाहिले की ओळख पटते. म्हणून ही घाई.

याआधी मी दोनदा मृत्युपत्र लिहिले. ते दोन्ही कागद चुलीत गेले, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही शिल्लक नाही. घर, जमीन आणि बँकेतले यांची वाट लावणे सोपे असते. माझे दोन्ही वेळा अडले ते पत्र्याच्या पेटीपाशी. त्या पेटीत मिशनवाडीच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आतल्या बाजूचे काळेपांढरे निगेटिव्ह आहेत, आणि जवळपास प्रत्येकात अंधाऱ्या कोपऱ्यात माझी मयत पत्नी वनमाला बसलेली आहे. पेटी चुकीच्या हातात गेली तर ती त्या अंधारातच राहील. तेव्हा बाकीचे आधी उरकतो आणि पेटीकडे शेवटी येतो.

कलम पहिले : माझी माणसे

मला मूलबाळ नाही. वनमाला गेल्याला चार वर्षे होत आली. सख्खा भाऊ अर्जुनराव, त्याचा मुलगा अंगद आणि अंगदची बायको वर्षाराणी, एवढेच माझे गणगोत. दुपारचा डबा वर्षाराणी आणून देते. तो घेताना जे चार शब्द होतात, तेवढेच दिवसभरात माझ्या तोंडून निघतात. बाकी वेळ रेडिओ बोलतो.

कलम दुसरे : शेतजमीन

वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा भाऊ अर्जुनराव यास देतो. आमच्या दोघांमधला बांध दर पेरणीला थोडा माझ्या बाजूला सरकत आला आहे. मी एकदा विचारले तर अर्जुनराव म्हणाला, "पावसानं सरकतो बे, मी काय करू?" दुष्काळातही सरकला तेव्हा मी विचारणे सोडले. आता सगळेच रान त्याचे होईल म्हणजे बांधाला चालायचे कष्ट नकोत. एकच अट, विहिरीजवळचा कडुनिंब तोडू नये. वनमाला त्याच्या सावलीला बसून भाकरी खात असे.

कलम तिसरे : घर व दुकान

घर, पुढचे दुकान आणि मागची अंधारखोली ही सर्व माझ्या कष्टाची मिळकत पुतण्या अंगद यास देतो. तो शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करतो आणि जागेला तंग आहे. एकदा अंधारखोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "आप्पा, हितं एसी बसवला तर झ्याक सर्व्हिस सेंटर होतंय बघा."

मी म्हणालो, "व्हईल की. मी मेल्यावर."

"मग काय घाई न्हाई," म्हणाला. दोघेही हसलो. पोरगा मनाने साफ आहे. त्याने खुशाल एसी बसवावा. खिडकीला मी ठोकलेला काळा पत्रा आधी काढावा, म्हणजे त्या खोलीत किती हवा येते हे त्याला कळेल.

फोटो मोठे करायचे यंत्र भंगारात घालावे. जड आहे, उचलताना पाय सांभाळावा. बँकेतले जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म साधे करावे, उरलेले अंगद व वर्षाराणी यांच्या दोन मुलींच्या शिक्षणाला लावावे.

कलम चौथे : अजिनाथ

कलर लॅबवाला अजिनाथ घुले यास मी काही देत नाही. गेली कित्येक वर्षे तो भर चौकात मला म्हणत आला, "गहिन्या, लोकं रंगात लग्नं करायलेत आन् तू अजून सुतकातच का बे?" याचा राग होता, आता नाही. त्याची लॅब बंद पडल्यापासून आम्ही दोघे एकाच बाकड्यावर चहा पितो. माझा उजेड मोजायचा जुना मीटर त्याला द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तोच पाहिजे. माझी सही त्याच्याइतकी कोणी ओळखत नाही. त्याने मनाला लावून घेऊ नये.

कलम पाचवे : मिशनवाडीच्या मंडळीचे फोटो

मिशनवाडी येथील देवळात मी काढलेले मंडळीचे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती भाविकांचे, सर्व निगेटिव्ह आणि त्यांचे उरलेले फोटो त्या देवळाला देतो. ते लाकडी कपाटात आहेत. ते कसे आले हे मंडळीतल्या नव्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

मी चाटे, नाथांच्या नावाचा, घरात खंडोबाचे टाक. त्या देवळाशी माझा संबंध नव्हता. मंडळीतले वडीलधारे मुंजाजी यांच्या मुलीच्या लग्नाला मला बोलावले, म्हणून गेलो. मी फोटोग्राफी पुस्तकातून आणि चुकांतून शिकलेला माणूस. जाड दगडी भिंती, आत तिन्हीसांजेसारखा अंधार, आणि वेदीच्या मागे तीन उंच खिडक्या, त्यांतून ऊन नुसते ओतत होते. वेदीपुढे फ्लॅश मारू नका, असे तेव्हाचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले. फोटो धुऊन आले तेव्हा खिडक्या चुन्याच्या ढेपा झाल्या होत्या आणि नवरानवरी कोळसा. मुंजाजींनी फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गहिनीनाथराव, आमी पोरीचं लग्न लावलं. तुमी खिडकीचं लावलं व्हय?"

हसले सगळे. मीही हसलो, पण मला झोप येईना. दुसऱ्या आठवड्यात मी आपणहून जीपने मिशनवाडीला गेलो आणि त्या अंधारापुढे कॅमेरा मांडला.

शिकलो ते थोडक्यात असे. अशा जागी उजेड मोजायचा नाही, अंधार मोजायचा. सगळ्यात काळा जो कोपरा, तिथले माणूस दिसेल इतका वेळ कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात खिडकी फिल्मवर करपून जाणार, तर ते फिल्म धुताना सावरायचे. डेव्हलपर पाणचट करायचा, फिल्म त्यात थोडी भिजवून साध्या पाण्यात न हलवता सोडून द्यायची. खिडकीच्या जागचे औषध चटकन संपते आणि ती तिथेच थांबते. अंधाराच्या जागचे संपत नाही, ते हळूहळू काम करत राहते. भाकरीची कड करपायच्या आत मधले शिजले पाहिजे, तसाच हा प्रकार. मग कागदावर फोटो छापताना हाताची सावली धरून कोपरा काळा होण्यापासून वाचवायचा, आणि पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून खिडकीला जादा उजेड पाजायचा, म्हणजे तिच्या काचांच्या चौकटी उमटतात. आभाळ भरलेले असले तर अर्धे काम देवच करतो.

यातून एक रीत पडली. मिशनवाडीची बहुतेक घरे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या तोंडावर टोळ्या कारखान्याकडे निघाल्या की नाताळाला देवळात म्हातारेकोतारे तेवढे उरतात. म्हणून निघायच्या आधीच्या रविवारी सगळी मंडळी सतरंजीवर बसायची आणि मी त्यांचा निघतानाचा फोटो काढायचो, परतल्यावर तसाच आणखी एक. मी म्हणालो, वेदीकडून काढतो, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर येईल. मुंजाजी म्हणाले, "न्हाई. क्रूस आमच्या डोक्यावर दिसला पायजे." क्रूस मधल्या खिडकीखाली. म्हणजे सगळा झगझगाट माणसांच्या पाठीमागे आणि तोंडे अंधारात. बायकांची बाजू तर भिंतीकडे, तिथे खिडकीच नाही.

पण फोटोची एक प्रत टोळीबरोबर जाऊन कारखान्यावरच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, पाचटाला टोचली जायची आणि एक घरी राहिलेल्या म्हातारीकडे. तिला त्यात आपली लेकसून शोधायची असायची. तिथे खिडकी सुंदर आली हे सांगून चालत नव्हते. भिंतीकडच्या शेवटच्या बाईचेही नाकडोळे दिसावेत, ही माझी मजुरी.

आता मोबाइल आले, रीत मोडली. हल्लीचे पाळक धर्मराज यांनी हे निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवावेत. ज्यांची माणसे त्यात आहेत त्यांना हवे तेव्हा पाहू द्यावेत.

कलम सहावे : पत्र्याची पेटी

रविवारी फोटो फसला तर मंडळी सहा महिने परत मिळायची नाही. म्हणून मी शनिवारी जाऊन रिकाम्या देवळाचा फोटो घ्यायचो, घरी धुऊन पाहायचो आणि रविवारचा अंदाज बांधायचो. रिकाम्या अंधाराचा अंदाज येत नाही, तोंड लागते. ते तोंड वनमालाचे. भिंतीकडच्या कोपऱ्यात तिला बसवायचे, मीटर तिच्या गालाजवळ धरायचा, मग दाराशी येऊन कॅमेरा लावायचा.

ती म्हणायची, "अवो, मी फोटोत येते का नुसती मापाला हाय?"

"मापाला."

"मग जीपमधनं उतरल्याबरोबर तोंड कावून धुवायला लावलं?"

"धुरळा मोजायचा न्हाई मला."

"देवाच्या घरात आणून माप केलं माझं," म्हणायची आणि बसायची. तिला तिथला गारवा आवडायचा. मंडळीची भजने तिला तोंडपाठ झाली होती, रिकाम्या देवळात गुणगुणायची. मी दाराशी पुढचामागचा हिशेब करत असायचो. हे असे दरसाल, मंडळी निघताना आणि परतल्यावर. शनिवारच्या निगेटिव्हांना गिऱ्हाईक नव्हते, ते पेटीत पडत गेले.

ती गेल्यावर भिंतीला लावायला फोटो शोधला. फोटोग्राफरच्या बायकोचा धड फोटो निघेना. आता हार घातलेला जो आहे तो बँकेच्या पासबुकावरचा मोठा केलेला, त्यात ती मॅनेजरला भ्यालेली दिसते. मग पेटी आठवली. तिच्या त्या निगेटिव्हांत ती कोणाला भ्यालेली नाही. पण कोपरा इतका पातळ उमटलेला, की ती दिसते न दिसते. मी ते छापायला घेतले. तिचे तोंड वाचवायला जावे तर खिडकी पसरते, खिडकी आवरावी तर ती बुडते. तारेच्या टोकाला पुठ्ठा लावून सावली धरायची तर नेम चुकतो आणि तिच्या डोक्याभोवती पांढरे कडे उमटते. कागद मुंबईहून मागवून मागवून वाया घालवले. चारदोन बरे आले. पेटी भरलेलीच राहिली आणि डोळे चालले.

पहिल्या मृत्युपत्रात लिहिले होते, पेटी माझ्या सरणावर ठेवावी. दुसऱ्यात लिहिले होते, देवळात ठेवावी. दोन्ही वेळा वाटले, आपण तिला कायमची अंधारात बसवून निघालो.

मागच्या महिन्यात वर्षाराणी डबा ठेवून गेली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"आप्पा, रागवणार न्हाईत ना?"

"काय केलंस?"

"पेटीतली एक निगेटिव्ह नेलती."

ती अंगदच्या दुकानात कॉम्प्युटरवर पासपोर्ट फोटो नीट करते. लोक म्हणतील तितके गोरे करून देते, यावरून मी तिला पुष्कळ बोललेलो आहे. मी तिच्या मागोमाग गेलो. तिने निगेटिव्ह टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून मोबाइलने त्याचा फोटो घेतला होता आणि कॉम्प्युटरवर काळ्याचे पांढरे करून मोठा केला होता. मी कडेने पाहिले. वेदीकडची सगळी बाजू पांढरीफटक.

"हे काय केलंस? खिडकी कुठंय? क्रूस कुठंय? आख्ख्या देवळाला चुना लावून ठेवलास."

अंगद मागून म्हणाला, "मी म्हणलो व्हतो, आप्पाच्या वस्तूला हात लावू नको म्हणून."

"तुमी थांबा वो," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आप्पा, तुमाला काकू पायजेत का खिडकी?"

मी तसाच वळलो. घरी आलो. डबा तसाच ठेवला. पुढे काही दिवस ती आली की मी दार लोटून घेत असे, ती डबा पायरीवर ठेवून जाई. इतकी वर्षे मी दोन्ही सांभाळायला शिकलो होतो, आणि ही पोर मला एक सोड म्हणत होती. मुंजाजींच्या एका बोलण्यापायी मी जन्मभर खिडकीशी भांडलो. ते भांडण माझे होते. वनमालाला त्या खिडकीचे काय?

एका दुपारी मीच गेलो. म्हणालो, "दाखव."

तिने खुर्ची ओढून दिली. पडद्यावर वनमालाचे तोंड ताटाएवढे झाले होते. मान वाकडी करून करून मी ते पाहिले. डोळे उघडे, दात दिसत होते, काहीतरी म्हणत होती. पाहता पाहता माझे लक्ष तिच्या शेजारी सतरंजीवरच्या पांढुरक्या धब्ब्याकडे गेले.

मी म्हणालो, "येवढं केलंस, तर हा डाग कावून ठेवला? बोअरच्या पाण्याचा हाय त्यो. केजचं पाणी लई जड. माझ्या अर्ध्या निगेटिव्हवर हाच डाग हाय."

"डाग न्हाई आप्पा. हात हाय."

"कुणाचा?"

"काकूंचा. हे बघा मनगट, ह्या बांगड्या. बांगड्यांपासून फुडं हललाय. सतरंजीवर हात आपटायल्यात त्या. ये, बस हितं, म्हणताना आपटतो तसा."

कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून काढलेल्या फोटोत स्थिर ते उमटते आणि हलते त्याचा धूर होतो, हे मी तिला सांगायचे, तर ती मला सांगत होती. मी घरी येऊन पेटी उपसली. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून, भिंग लावून, कडेने एकेक पाहिले. एकात नाही, पुष्कळ निगेटिव्हांत तो डाग आहे. सालोसाल, त्याच जागी, तिच्या उजव्या हाताला. फोटो छापताना मी तो डाग काळजीपूर्वक काळा करून झाकत आलो आणि केजच्या पाण्याला शिव्या देत आलो. दारापासून त्या कोपऱ्यापर्यंत काही फार चालायचे नव्हते. कॅमेरा तिपाईवर आपला आपण उभा असतो, त्याला माणूस लागत नाही.

सबब, पत्र्याची पेटी व तीमधील सर्व निगेटिव्ह मी सौ. वर्षाराणी अंगद चाटे हिला देतो. त्यावर अंगद, अर्जुनराव, मिशनवाडीची मंडळी किंवा अन्य कोणाचाही हक्क राहणार नाही. तिने ते कॉम्प्युटरवर घ्यावेत, हवे तसे करावेत. खिडकी गेली तर जाऊ द्यावी, क्रूसही जाऊ द्यावा. पाळक धर्मराज यांना मी विचारले आहे, ते म्हणाले, "आप्पा, क्रूस कुठं जात न्हाई." वनमालाला मात्र गोरे करू नये. ती सावळी होती आणि तिला ते शोभत होते. हातावरचा धूर पुसू नये.

कलम सातवे : माझा फोटो

मी गेल्यावर अंगद माझ्या फोटोला हार घालायला पाहील. दुकानात माझे पुष्कळ फोटो सापडतील, टोपीतले, कोटातले, पुढाऱ्यांशेजारी उभे असलेले. त्यातला एकही भिंतीला लावू नये. पासबुकावरचा वनमालाचा फोटोही उतरवावा. दोन्हींच्या जागी वर्षाराणीने काढलेला कोपऱ्यातला तो एकच फोटो चौकटीत बसवावा. त्याला हार घालू नये, हाराने तिचा हात झाकला जाईल. आल्यागेल्याने विचारले की यात गहिनीनाथ कुठे आहे, तर तिचा हात जिथे पडतो आहे तिथली सतरंजी दाखवावी.

या मृत्युपत्राप्रमाणे सर्व होते की नाही हे पाहण्याचे काम मी पाळक धर्मराज यांच्यावर सोपवतो, त्यांनी ते तोंडी मान्य केले आहे. वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर भिंग लावून मोठ्याने वाचला आणि सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. अजिनाथने सही करताना नाक ओढले, ते सर्दीमुळे, असे त्याचे म्हणणे आहे.

लिहून देणार :
गहिनीनाथ रखमाजी चाटे (सही)

साक्षीदार :
१. अजिनाथ दगडू घुले, राहणार केज (सही)
२. सिदू महादू लांब, चहा हॉटेल, जुना बसस्टँड, केज (सही)

ठिकाण : केज, जिल्हा बीड
दिनांक : १३ ऑक्टोबर २०२५, सोमवार